विचारा मिस्त्रीला: बोट आपटते, नाचते, भिजवते... तळाला काय करू?

यावेळी पत्रांच्या गठ्ठ्यात बोटवालेच जास्त निघाले, तापोळ्यापासून पार सांगलीपर्यंत. पाऊस उघडला, धरणं भरली, पर्यटक यायला लागले की दरवर्षी हे असंच होतं. त्यामुळं मोटार-पंप आणि पॉवर टिलरवाल्यांनी जरा दम धरा, तुमचा नंबर पुढच्या अंकात.

प्रश्न: नमस्कार मिस्त्रीकाका. मी तापोळ्याला बोट चालवतो. १८ फुटी फायबरची आहे, रुंदी पाच फूट, मागं २५ एचपीचं ओबीएम, म्हणजे पाटीला अडकवायचं इंजिन. सकाळी पाणी शांत असतं तेव्हा काय प्रॉब्लेम नाय, पण दुपारी वारं सुटलं की बोट लाटेवर अशी आपटते की पुढं बसलेल्यांची कंबरच जाते. परवा एक आजोबा उतरताना मला लई बोलले. तळ बराचसा सपाट आहे. इथला फॅब्रिकेशनवाला म्हणतो खालनं मधोमध लोखंडी अँगल मारून व्ही काढून देतो, आपटणं बंद होईल. मारू का?

उत्तर: नका मारू दादा. आणि का नको ते नीट सांगतो, कारण हाच सल्ला अजून दोघांना मिळालाय असं पत्रांवरून दिसतंय.

कोयनेचं पाणी डोंगरांच्या मधनं लांबलचक पसरलंय, वारं त्या पट्ट्यात सरळ घुसतं, आणि मोकळं पाणी जेवढं लांब तेवढी लाट मोठी. तुमची बोट त्या लाटेवरनं उचलली जाते आणि खाली येताना तळाचा मोठा सपाट भाग एकदमच पाण्यावर बसतो, पाण्याला बाजूला सरकायला वेळच मिळत नाही, मग सगळा दणका तळाला, तळावरनं बाकाला आणि बाकावरनं त्या आजोबांच्या कंबरेला. व्ही तळ असला की आधी मधली धार पाण्यात शिरते, मग हळूहळू बाजू, तोच दणका जरा जास्त वेळात वाटून बसतो. एवढंच आहे ते. १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत रेमंड हंट या अमेरिकन डिझायनरच्या खोल व्ही तळाच्या बोटीनं खवळलेल्या समुद्रात बाजी मारली आणि त्यानंतर समुद्रातल्या स्पीड बोटींना २०-२४ अंशांचा व्ही सर्रास दिसायला लागला. पण तो व्ही अख्ख्या तळाचा असतो हो, मधे चिकटवलेल्या पट्टीचा नसतो.

तुमच्याच बोटीचा हिशोब घाला. रुंदी पाच फूट म्हणजे मधल्या रेषेपासून कडेपर्यंत ३० इंच. तिथं नुसता १२ अंशांचा उतार आणायचा म्हटलं तरी मधोमध जवळजवळ साडेसहा इंच खाली यावं लागतं. दोन इंची अँगल त्यात काय करणार? आपटणारा सपाट भाग दोन्ही बाजूला होता तसाच राहतो, वर त्या अँगलच्या मागं पाणी घुसळून हवा मिसळते आणि ती सरळ पंख्यात जाते, मग इंजिन नुसतं ओरडतं आणि बोट पुढं सरकत नाही. शिवाय बोल्टसाठी भोकं पाडलीत की तिथनं पाणी झिरपणार, लोखंड गंजणार, आणि एक दिवस दगडाला अँगल अडकून निघाला तर तळाचा तुकडा घेऊनच निघणार.

त्यापेक्षा आधी फुकटातलं करून बघा. बहुतेक बोटींत पेट्रोलची टाकी, बॅटरी, नांगराची दोरी सगळं मागं टाकलेलं असतं, त्यामुळं पुढचं टोक वर उचललेलं राहतं आणि लाटेवर सपाट पोट दाखवतं. टाकी-बॅटरी मधे आणा. ओबीएमच्या ब्रॅकेटला तिरकेपणाच्या पिनेसाठी भोकं असतात, पिन मागच्या पाटीच्या, म्हणजे इंजिन अडकवतात त्या फळीच्या, जवळच्या भोकात घाला, टोक खाली बसेल. फार खाली नाही हं, टोक लाटेत घुसायला लागलं तर पाणी आत येतं आणि बोट पुढच्या टोकावर वळायला बघते, मग स्टिअरिंग हातात राहत नाही. लाट समोरासमोर घेऊ नका, तिरकी घ्या. आणि एक जुनी युक्ती, सपाट तळाची बोट लाटेच्या बाजूला थोडीशी, अगदी थोडीशी कलती ठेवली की तळ आणि बाजू जिथं मिळतात ती कड आधी लागते, म्हणजे फुकटचा व्हीच झाला. सामान एका बाजूला सरकवून हे जमतं, पण गिऱ्हाईक भरलेलं असताना माणसं हलवून हा प्रयोग करायचा नाही. आजोबांना मागं बसवा, पुढच्या टोकाला उसळी सगळ्यात जास्त असते, मागं निम्मीपण जाणवत नाही. आणि वेग कमी करा राव! वेग थोडा उतरवला तरी दणका त्याच्या मानानं खूपच कमी होतो. फेरीला दहा मिनिटं जास्त लागली म्हणून कोण पैसे परत मागत नाही.

एवढं करूनही भागलं नाही तरच तळाला हात लावा, तोसुद्धा पुढच्या भागात, अख्ख्या तळाला नाही. टोकापासनं साधारण एक तृतीयांश लांबीपर्यंत व्ही द्यायचा आणि तो मागं जाता जाता हळूहळू जुन्या तळात मिसळून शून्य करायचा. एकदम तोडायचा नाही, नाहीतर पुन्हा तेच, पंख्याला हवा. बोट उलटी करा, पुठ्ठ्याचे आडवे साचे कापून दर फुटावर उभे करून आकार डोळ्यानं बघा, दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते दोरी ताणून तपासा. मग आत भरायला पीयू फोमचे तुकडे. थर्माकोल वापरायचा मोह होईल कारण स्वस्त मिळतं, पण पॉलिएस्टर रेझिन लागलं की थर्माकोल डोळ्यादेखत विरघळतं, हाताला नुसता चिकट गोळा लागतो. फोमवर मॅट (काचतंतूचं कापड) आणि रेझिनचे थर. जुन्या तळावरचा जेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत थर, मात्र ग्राइंडरनं आतलं फायबर दिसेपर्यंत घासायचा, नुसता पॉलिश पेपर फिरवून चालत नाही, कारण जुन्या फायबरला नवं रेझिन खरखरीतपणाच्या जोरावरच धरतं. ॲसिटोननं पुसून घ्या. प्रत्येक मॅट आधीच्यापेक्षा दोन इंच मोठी कापा म्हणजे कड पातळ होत जाते आणि पाण्याच्या माऱ्यानं उचकटत नाही. कोरड्या हवेतच काम काढा, महाबळेश्वरच्या बाजूचं धुकं असलं की रेझिन नीट सुकत नाही.

आता हे कान देऊन वाचा. दुकानदार तीन बाटल्या देतो, रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर घालायचं. कोबाल्ट आणि हार्डनर कधीही, चुकूनसुद्धा, एकमेकांत थेट मिसळायचं नाही, पेट घेतं, स्फोटसुद्धा होतो. दोन्हीला एकच मापाचं झाकण वापरू नका. हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो, गॉगल पाहिजेच.

आणि याची किंमतपण माहीत असू द्या. फोम भरल्यानं पुढचं टोक उभ्या बोटीत थोडं वर राहील म्हणजे वजन परत जुळवावं लागेल. बोटीला पुढं पाच-सहा इंच जास्त पाणी लागेल. तुम्ही काठाच्या चिखलावर टोक चढवून माणसं घेता, मे महिन्यात पाणी उतरल्यावर जुने बांध आणि दगड वर येतात, तिथं आधी ही नवी धारच आपटणार. शिवाय तुमची बोट पॅसेंजरची आहे. इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ प्रमाणं बोटीच्या मजबुतीवर किंवा तोलावर परिणाम होईल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, तेव्हा ग्राइंडर लावायच्या आधी मेरीटाईम बोर्डाकडं विचारून घ्या. नंतर इन्शुरन्सवाला फोटो बघूनच हात वर करतो.

प्रश्न: आमची बोट १४ फुटी, बामणोलीला असते. मोकळी असताना वेग वाढवला की पुढचं टोक वर-खाली, वर-खाली व्हायला लागतं, लाट नसतानाही. माणसं भरली की थांबतं. मागं खाली काहीतरी फळी लावतात म्हणे, ती कशी लावायची?

उत्तर: लाट नसताना नाचते म्हणजे भांडण पाण्याशी नाही, वजनाशी आहे. माणसं भरली की थांबतं हे तुम्हीच लिहिलंय, उत्तर त्यातच आहे. फळीबिळी राहू दे, २० लिटरचे पाण्याचे तीन कॅन भरून टोकापाशी ठेवा आणि बोट पळवा. थांबली? मग एक कॅन काढा, परत पळवा. किती वजनाला थांबते ते कळलं की तेवढी वस्तू, बॅटरी म्हणा, टाकी म्हणा, कायमची पुढं न्या. वर तापोळ्याच्या दादांना पिनेचं सांगितलं तेपण करून बघा, पिन बाहेरच्या भोकात असली की हमखास नाचते.

तरीही नाचत असेल तर तळ तपासा. बोट उलटी किंवा उंचावर घ्या, गवंड्याकडची ॲल्युमिनियमची सहा फुटी पट्टी मागनं, म्हणजे मागच्या पाटीपासनं पुढं, तळाला लांबीत टेकवा आणि पलीकडनं मोबाईलचा टॉर्च मारा. पट्टी मधे टेकली आणि मागच्या टोकाला उजेड दिसला तर तळ बाहेर फुगलाय, हेच नाचण्याचं मोठं कारण. उलट दोन्ही टोकांना टेकली आणि मधनं उजेड आला तर तळ आत बसलाय, अशी बोट नाचत नाही, टोक दाबून जड चालते. ट्रेलरच्या बल्ल्या मागच्या पाटीच्या आधीच संपत असतील तर इंजिनाच्या वजनानं मागचा भाग लोंबून तळ असा आत बसतो. कितीतरी जण इंजिनाला शिव्या घालतात, कार्ब्युरेटर उघडतात, आणि दोष निघतो ट्रेलरच्या लाकडात.

फुगलेला निघाला तर मग तुमची ती फळी. ती पाचरीसारखी असते, पुढं शून्य आणि मागच्या पाटीच्या कडेला जाड. फूटभर लांबीला मागं अर्धा इंच जाडी म्हणजे साधारण अडीच अंश झाले, एवढ्यापासनं सुरुवात करा. दोन तुकडे, एक डावीकडं एक उजवीकडं, मधली जागा पंख्यासाठी मोकळी. पाणी त्या उतारावर दाबतं, मागचा भाग उचलला जातो, टोक खाली बसतं. दोन्ही तुकडे सारखे पाहिजेत, एक जाड एक पातळ झाला तर बोट एका अंगावर चालते. पहिल्यांदा कायमचं चिकटवू नका, आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या, स्टेनलेस स्क्रूनं लावा, आठवडाभर चालवा, जास्त वाटलं तर रंध्यानं कमी करा. जाडी आवडली की मग फायबर चढवा. भरल्या बोटीतपण पळवून बघा हं, मोकळीला चांगली वाटलेली पाचर भरलीला टोकावर आणू शकते. एक इंची ठोकून मोकळे होणारे असतात, त्यांच्या बोटी मागनं लाट आली की आडव्या फिरतात.

प्रश्न: काका, आमच्या बचत गटाची धोमच्या पाण्यात छोटी ॲल्युमिनियमची बोट आहे. चालते छान पण पाणी इतकं उडतं की पुढच्या बायकांच्या साड्या भिजतात. काय करता येईल?

उत्तर: ताई, तुमचं काम सगळ्यात सोपं आहे. पुढच्या भागात बाजूनं पट्टी लावायची, पाणी चढत चढत वर येतं त्याला तिथंच बाहेर फेकून द्यायचं.

पण पट्टीची कड धारदार पाहिजे. चमच्याची पाठ नळाच्या धारेला लावून बघा, पाणी गोलाईला चिकटून वळतं. बोटीवर तेच चाललंय, पाणी गोल अंगाला चिकटून वर चढतं आणि वाऱ्यानं आत येतं. चौकोनी, तासलेल्या कडेवर त्याला चिकटायला काही मिळत नाही, ते सुटून बाहेर पडतं. म्हणून गोल पाइप अर्धा चिरून लावतात तो उपयोगाचा नाही. ॲल्युमिनियमचा एक-सव्वा इंची एल अँगल घ्या, टोकापासनं मध्यापर्यंत, बोट पळताना पाणी जिथं बाजूला लागतं त्याच्या जरा वर. ती रेषा कशी काढायची? बाजूला खडूनं आडवे पट्टे मारा आणि एक चक्कर मारून या, जिथपर्यंत खडू धुतला गेला तिथं रेषा. अँगलची खालची बाजू आडवी किंवा कणभर खाली झुकलेली पाहिजे, वर झुकली तर पाणी तुमच्याच तोंडावर.

रिव्हेट ॲल्युमिनियमचे, आणि मधे पॉलियुरेथेन सीलंट. बाथरूमचं सिलिकॉन नको, ते सुटतं आणि वर त्याच्या डागावर पुढं रंगही धरत नाही. पितळी स्क्रू किंवा तांब्याची वॉशर तर अजिबात नको, पाण्यात ॲल्युमिनियमला तांबं-पितळ लागलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, वर्षा-दोन वर्षांत भोकाभोवती पांढरी भुकटी दिसायला लागेल.

प्रश्न: शेत कृष्णेच्या पलीकडं आहे, डिग्रजच्या बाजूला. पत्र्याची सपाट होडी आहे, वल्ह्यानं चालवतो. एक वल्हं मारलं की तोंड फिरतं, दुसरं मारलं की उलटं फिरतं. सरळ चालंल असं काय करावं?

उत्तर: पूर्वी आपल्याकडं गुऱ्हाळाची काईल घालून नदी ओलांडायचे, ज्यांनी केलंय त्यांना विचारा ती कशी गरागरा फिरायची. खालनं धरून ठेवायला काहीच नाही. तुमच्या होडीचं दुखणं तेच, जरा सौम्य. तळाला मधोमध लांबीत लाकडी पट्टी लावा, मध्यापासनं मागं, उंची दोन इंच, पुढच्या बाजूला निमुळती. पुढं लावू नका, पुढं धरलं आणि मागं मोकळं राहिलं तर जास्तच फिरेल. आणि लाकूडच लावा, पत्र्यावर लोखंडी पट्टी वेल्डिंग केली आणि ती खडकाला लागली तर पत्रा फाटतो, लाकूड तुटलं तर दुसरं लावता येतं. जलपर्णी आली की त्या पट्टीत अडकणार, ते हातानं काढायचं, इलाज नाही. दोन इंचांपेक्षा उंच करू नका, धारेत होडी वळवायची वेळ आली तर वळता वळत नाही.

प्रश्न: आम्ही शर्यतीच्या होडीला तळाला ग्रीस लावतो. फायदा होतो का? काही पोरं ऑइल लावतात.

उत्तर: पोरांनो, मासे तेवढे मरतील. पाण्याचा जो थर तळाला लागून असतो तो तळाबरोबरच येतो, ग्रीस असो की नसो. उलट ग्रीसला कचरा आणि वाळू चिकटते. फायदा होतो तळ गुळगुळीत असण्याचा, फुगे-पोपडे काढा, पुट्टी भरा, ओल्या पेपरनं घासा, आतलं साठलेलं पाणी उपसा, चार बादल्या पाणी म्हणजे पन्नासेक किलोचा फुकट प्रवासी. बाकी वल्ह्याच्या होडीला वेगाची मर्यादा लांबीनं येते. पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटात वर्गमूळ काढा, १.३४ नं गुणा, तेवढे नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). १६ फुटी होडी साधारण ताशी १० किलोमीटरला अडते, तिची स्वतःचीच लाट तिला पुढं चढू देत नाही, २५ फुटी जवळजवळ साडेबाराला. एकदम अरुंद होडी ही मर्यादा थोडी ओलांडते, म्हणून शर्यतीच्या होड्या लांब आणि बारीक. ग्रीसचे पैसे वाचवा, अंडी खा.

प्रश्न: आमचं गाव मिरज तालुक्यात, पुराच्या पट्ट्यात. २०१९ ला पाणी घरात आलं तेव्हा बोट यायला दोन दिवस लागले. म्हणून मंडळानं २०० लिटरचे चार प्लास्टिक ड्रम बांधून वर फळ्या टाकून तराफा केलाय. पण एका कडेला दोघं गेले की कलतो. बाजूला अजून काय लावलं तर दहाजण बसतील?

उत्तर: दहा नाही. हिशोब मांडतो. चार ड्रम म्हणजे ८०० लिटर, पूर्ण बुडाले तर ८०० किलो उचलतील. पण पूर्ण बुडायला आले म्हणजे तुमचे पाय पाण्यात, म्हणून निम्मेच धरायचे, ४००. त्यातनं ड्रमचं स्वतःचं वजन ४० किलो, सांगाडा आणि ओल्या फळ्या १०० तरी. उरले २६०. म्हणजे तिघं आणि थोडं सामान. चौथा माणूस चढवायचा असेल तर ड्रम वाढवा.

कलण्याचा इलाज रुंदी. ड्रम दोन-दोनच्या ओळीत आहेत ना, त्या दोन ओळींच्या मधलं अंतर चार फुटांचं सहा केलं तर कलायला विरोध सव्वादोन पट होतो, तेवढेच ड्रम, तेवढंच वजन. म्हणून बाजूला काही लावण्यापेक्षा आहे तेच लांब लांब बांधा. माणसं बसून राहिली पाहिजेत, उभी नाही. ड्रम आडवे, बूच वरच्या बाजूला, आणि अख्खं झाकण निघणारे ड्रम असतील तर आत टोपण घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटल्या ठासून भरा, ड्रम फुटला तरी तरंगत राहील. दोरी नायलॉनची, आणि ती दरवर्षी जूनच्या आधी बदला, उन्हात राहिलेली दोरी हातानं तुटते.

आता खरं बोलतो. हा तराफा गल्लीत साचलेल्या पाण्यासाठी, गोठ्यातनं वैरण काढायला, दूध-औषध पोचवायला ठीक आहे. धारेला नाही. सांगलीच्या इर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तसल्या पुरात पाण्याखाली कंपाऊंडच्या भिंती, विजेच्या तारा, झाडाचे फांटे असतात आणि तुमच्या तराफ्याला ना इंजिन ना सुकाणू. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला पुरात बोट उलटून किती माणसं गेली ते तुम्हाला मी सांगायला नको, आणि ती तर बोट होती. तेव्हा तराफ्यावर जेवढी माणसं तेवढी लाईफ जॅकेट, काठावरच्या खांबाला कायम एक लांब दोर बांधलेला, आणि "तीन माणसं" असं ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरात फळीवर लिहून टाका, कारण पूर आल्यावर मंडळाचा अध्यक्षही आकडा विसरतो.

बोटीबद्दल पुढं कुणी पत्र पाठवणार असाल तर लांबी, रुंदी, इंजिनाचा एचपी, आणि टाकी-बॅटरी कुठं ठेवलीय एवढं लिहा. बाजूनं काढलेला एक फोटो, बोट पळत असतानाचा. काठावर उभ्या बोटीचा फोटो बघून मला काही सांगता येत नाही.